घरातील वीजसुरक्षा स्विच विनाकारण पडत नाही

रायपूरच्या गुढियारीसारख्या दाट वस्तीच्या भागात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि घरोघरी पाण्याचे कूलर सुरू होतात. जूनच्या मध्याला पावसाळा येतो व हवेतील दमटपणा वाढतो. घरातील सुरक्षा स्विच, म्हणजेच आरसीसीबी, वारंवार पडण्याच्या तक्रारी अशा दिवसांत वाढणे स्वाभाविक आहे.

आरसीसीबी आणि एमसीबी यांचे कार्य वेगळे आहे. भार वाढल्यास किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास एमसीबी पडतो. आरसीसीबी मात्र फेजच्या तारेतून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो किंवा नाही, एवढेच पाहतो. दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. प्रवाहात तफावत पडली, तर तेवढी वीज अन्य मार्गाने जमिनीत जात आहे असा त्याचा अर्थ होतो आणि स्विच पुरवठा तोडतो. हा अन्य मार्ग मनुष्याचे शरीरही असू शकते.

घरगुती स्विचची मर्यादा सामान्यतः ३० मिलिअँपिअर असते. मात्र भारतीय मानकानुसार तो १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कधीही पडू शकतो. अनपेक्षितपणे पडण्याचे एक कारण येथेच आहे. संगणक, धुलाई यंत्र, इन्व्हर्टर एसी यांसारख्या उपकरणांतून निर्दोष अवस्थेतही थोडी गळती होते. सहा उपकरणांतून प्रत्येकी ३ मिलिअँपिअर गळती झाली, तर बेरीज १८ होते. अशा वेळी शेवटी सुरू केलेल्या उपकरणावर दोष येतो. प्रत्यक्षात तो सर्वांचा मिळून असतो.

दुसरे कारण ओलावा. कूलरचा पंप, गीझरचे कॉइल, बाहेरचे दिवे, ओल आलेल्या भिंतीतील जोड यांचे आवरण कमकुवत झाल्यास गळती वाढते. तिसरे कारण न्यूट्रलचा घोळ. इन्व्हर्टर बसविताना दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र जोडले गेल्यास किंवा न्यूट्रल अर्थिंगला टेकल्यास स्विच पडतो. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो. त्यामुळे तो बंद करूनही हा दोष कायम राहतो.

दोष शोधण्यासाठी सर्व प्लग काढून स्विच चालू करावा आणि एकेक उपकरण जोडत जावे. प्लग काढूनही तो पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये अथवा कायम जोडलेल्या उपकरणात असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. उपकरणे अधिक असल्यास सर्किटे विभागून दोन स्विच बसविणे योग्य ठरते.

त्रास टाळण्यासाठी स्विच वगळून थेट जोडणी करणे किंवा अर्थिंगची तार काढून टाकणे जीवघेणे ठरू शकते. अर्थिंग नसलेल्या कूलरच्या पत्र्यात उतरलेली वीज कोणाचा तरी हात लागेपर्यंत तशीच राहते. त्या क्षणी पुरवठा तोडू शकणारे एकमेव साधन हा स्विचच असतो. तो कार्यक्षम आहे याची खात्री त्यावरील ‘टेस्ट’ बटण दाबून ठरावीक काळाने करून घ्यावी.