खाद्यफेरी (सोलापूर)

खाद्यफेरी म्हणजे शहराच्या एखाद्या वस्तीतून ठरवलेल्या मार्गाने पायी फिरत, वाटेतील दुकाने, हातगाड्या, खानावळी आणि घरगुती उत्पादक यांच्याकडील पदार्थ थोडे थोडे चाखत त्या वस्तीची ओळख करून घेण्याचा उपक्रम होय. नुसत्या खादाडीपेक्षा तो वेगळा असतो. पदार्थ कोण बनवतो, कोणासाठी बनवतो आणि तो याच गल्लीत का मिळतो, हे समजून घेणे हा खाद्यफेरीचा हेतू असतो. महाराष्ट्रात अशा फेऱ्यांची चर्चा बहुधा मुंबईच्या मोहम्मद अली रस्त्यावरील रमजानच्या रात्रींपुरती राहते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी-उर्दू या भाषा एकाच बाजारपेठेत बोलल्या जाणारे सोलापूर हे मात्र अशा फेरीसाठी राज्यातील अत्यंत अनुकूल शहरांपैकी एक आहे. त्याच्या जुन्या पेठा एकमेकींना लागून असल्याने वाहनाची गरज पडत नाही.

पार्श्वभूमी

सोलापूर हे महाराष्ट्राच्या आग्नेय भागातील शहर असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. शहरातील पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. गिरण्या आणि हातमाग यांमुळे आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतील मजूर येथे येत राहिले. निजामाच्या राज्यातील तेलंगण भागातून पद्मशाली विणकर आले व शहराच्या पूर्व भागात स्थिरावले. कन्नड बोलणारा लिंगायत व्यापारी व शेतकरी वर्ग आधीपासूनच येथे होता. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय हा विणकामाशी निगडित समाजही येथे मोठ्या संख्येने आहे. त्यांच्या झणझणीत मटणाला ‘सावजी’ म्हणतात. नागपूरचे सावजी जेवण हलबा कोष्टी समाजाशी जोडले जाते, त्यामुळे नाव एक असले तरी दोन्हींची घराणी वेगळी आहेत.

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तर सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतात. तरीही धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावांना मोठ्या खरेदीसाठी, दवाखान्यासाठी आणि कामधंद्यासाठी जवळ पडणाऱ्या शहरांत सोलापूरची गणना होते. तिकडून येणाऱ्याला सोलापूरचे निम्मे ताट ओळखीचे वाटते आणि उरलेले निम्मे पूर्णपणे अनोळखी. फेरी आखताना हे लक्षात ठेवल्यास तिचा उपयोग वाढतो.

मार्गाचे सूत्र

अनेक खाद्यफेऱ्या ‘प्रसिद्ध दुकानांची यादी’ घेऊन आखल्या जातात. सोलापुरात ही पद्धत अपुरी ठरते. येथील तेलुगू आणि कन्नड घरांतील बरेचसे पदार्थ हॉटेलात मिळतच नाहीत. ते सणाला किंवा लग्नकार्याला घरी होतात, अथवा मागणीनुसार बायका करून देतात. केवळ पाट्या पाहून मार्ग ठरवला तर शहराचा निम्मा भाग फेरीतून वगळला जातो आणि पाहुण्याला सोलापूर म्हणजे चटणी आणि मटण एवढेच दिसते.

म्हणून दुकानांऐवजी एखादा जिन्नस धरून चालणे अधिक चांगले. सोलापूरसाठी हा जिन्नस रब्बी ज्वारी हाच ठरतो. जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. एकच भाकरी मराठी घरात ‘भाकरी’, कन्नड घरात ‘जोळद रोट्टी’, तेलुगू घरात ‘जोन्न रोट्टे’ आणि दखनी बोलणाऱ्या घरात ‘जवार की रोटी’ असते. तिच्यासोबत काय वाढले जाते, ती मऊ खाल्ली जाते की कडक, ताजी की साठवणीची, यांवरून घर ओळखता येते. ज्वारीच्या जोडीला शेंगदाणा आहेच.

कडक भाकरी हे या प्रदेशाचे खास वैशिष्ट्य आहे. पातळ थापलेली भाकरी मंद आचेवर ओलावा पूर्ण जाईपर्यंत शेकली जाते. ती अनेक दिवस टिकत असल्याने प्रवासात, यात्रेत आणि शेतावर नेण्यास सोयीची ठरते. शेंगा चटणीत भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ कुटले जाते. दाण्यांचे तेल सुटून चटणी ओलसर होईपर्यंत कुटणे हे तिचे मर्म होय. मिक्सरमधून काढलेल्या भरड पुडीला ती चव येत नाही. कांडप यंत्रावर चटणी कुटणाऱ्या ठिकाणी काही मिनिटे थांबल्यास हा फरक डोळ्यांना दिसतो व नाकालाही कळतो.

सुचवलेला मार्ग

फेरीची सुरुवात शहराच्या पूर्व भागात, कन्ना चौक व साखर पेठ परिसरात करणे योग्य ठरते. हा भाग तेलुगू भाषक विणकरांचा आहे. यंत्रमाग आणि विडी वळणे ही येथील दोन मोठी उपजीविकेची साधने. विड्या वळणाऱ्या कामगारांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. दिवसभर हात कामात गुंतलेला असल्याने झटपट खाता येणाऱ्या, स्वस्त आणि तिखट पदार्थांना येथे मागणी असते. संक्रांतीच्या सुमारास तेलुगू घरांत ‘सकिनालू’ होतात. तांदळाच्या पिठात तीळ व ओवा घालून कापडावर हाताने वळलेली ही चक्राकार तळणी तेलंगणातून आलेली आहे. चिंचेच्या कोळाचे, न उकळता केलेले ‘पच्ची पुलुसू’ हे सार उन्हाळ्यात भाताबरोबर घेतले जाते. दोन्ही पदार्थ फेरीच्या दिवशी अचानक मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. ओळखीतल्या घरी किंवा बचत गटाकडे काही दिवस आधी मागणी नोंदवावी लागते. संपूर्ण आखणीतील हा सर्वात वेळखाऊ आणि सर्वात महत्त्वाचा टप्पा आहे.

तेथून पश्चिमेकडे मधला मारुती परिसराच्या बाजारपेठेत यावे. किराणा, मसाले, पूजासाहित्य यांच्या या गजबजलेल्या भागात खाण्यापेक्षा पाहण्यासारखे अधिक असते. काळा मसाला, तिखटाचे प्रकार, कडक भाकरीची पाकिटे यांची खरेदी येथे उरकावी. मात्र पिशव्यांचे ओझे पुढे वाहावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

माणिक चौकातून विजापूर वेस, पंचकट्टा आणि पुढे सिद्धेश्वर मंदिर हा मार्गाचा उत्तरार्ध आहे. जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक याच रस्त्याने मंदिराकडे जाते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे शहराचे ग्रामदैवत. त्यांच्या यात्रेला स्थानिक लोक ‘गड्डा’ म्हणतात. विजापूर वेस हा मुस्लिमबहुल भाग असून रमजानमध्ये येथे मीना बाजार भरतो. शहरातील सर्वात मोठ्या लिंगायत यात्रेची वाट आणि रमजानचा सर्वात मोठा बाजार एकाच रस्त्यावर असणे, ही गोष्ट कोणत्याही माहितीफलकापेक्षा सोलापूरविषयी अधिक सांगते. कबाब, समोसे, शेवया, खजूर यांची दुकाने येथे दाटीने असतात. मंदिर परिसर तळ्यात असल्याने तेथे बसून विश्रांती घेता येते. कन्नड परंपरेतील ‘हुग्गी’, म्हणजे गव्हाची गूळ घालून केलेली खीर, आणि शेंगदाण्याच्या कुटाची व गुळाची शेंगा पोळी यांची माहिती देण्यास ही जागा सोयीची आहे. हे पदार्थही सणासुदीचेच. बारमाही विक्रीत शेंगा पोळी तुलनेने सहज मिळते.

फेरी पार्क चौकाजवळ संपवता येते. संध्याकाळी तेथे खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. येथे येईपर्यंत सहभागींची भूक संपलेली असते, म्हणून हा टप्पा ऐच्छिक ठेवलेला बरा.

काळ आणि वेळ

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या काळात दुपारची फेरी घेऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. याच काळाच्या उत्तरार्धात ज्वारीचा हुरडा येतो. कोवळी कणसे आगटीत भाजून, हातावर चोळून, शेंगा चटणीबरोबर खाल्ली जातात. हुरडा शेतावरचा पदार्थ असल्याने तो पेठेतल्या फेरीत बसत नाही. त्यासाठी शहराबाहेर वेगळा दिवस काढावा लागतो.

नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी वर दिलेल्या मार्गावर गट घेऊन फिरणे अशक्यप्राय असते. वेळ अमावास्येचा दिवसही टाळावा. धाराशिव व लातूर भागात ‘येळवस’ या नावाने ओळखला जाणारा हा सण सोलापूरच्या कन्नड भाषक शेतकरी कुटुंबांतही असतो. त्या दिवशी आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे घेऊन माणसे शेतात जातात. ज्या घरांतून पदार्थ घ्यायचे ती घरेच त्या दिवशी कुलूपबंद सापडतात. श्रावणात मांसाहारी पदार्थांची विक्री कमी होते, आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी विजापूर वेशीतील दुकाने काही काळ बंद राहू शकतात.

रमजानमध्ये फेरी संध्याकाळी घ्यावी लागते. सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरची काही मिनिटे ही दिवसभर उपाशी असलेल्या रोजेदारांची असतात. त्या वेळी हौशी पाहुण्यांनी गाड्यांसमोर गर्दी करणे अनुचित समजले जाते. गटाने मंदिराच्या तळ्याकाठी थांबून तासाभराने यावे.

गट, प्रमाण आणि मोबदला

आठ ते दहा जणांपेक्षा मोठा गट या गल्ल्यांत अडचणीचा ठरतो. लहान दुकानात बसायला जागा नसते आणि मागे उभे असलेल्यांना काहीच ऐकू येत नाही. प्रत्येक थांब्यावर पूर्ण ताट न घेता दोघा-तिघांत एक असे वाटून घेतल्यास सहा-सात थांबे झेपतात.

शाकाहार-मांसाहाराचा प्रश्न आरंभीच सोडवणे आवश्यक आहे. गटात लिंगायत, जैन किंवा वारकरी कुटुंबांतील शाकाहारी व्यक्ती असतील, तसेच हलाल मांसच खाणारेही असतील. शाकाहारी थांबे आधी व मांसाहारी शेवटी ठेवल्यास ज्यांना नको असेल त्यांना मंदिराकडे पुढे जाता येते. ‘येथे तुमच्यासाठी काही नाही’ असे कोणालाही रस्त्यात ऐकावे लागू नये, एवढी काळजी आयोजकाने घ्यावी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र शेंगा चटणी वर्ज्यच असल्याने त्यांची अडचण या शहरात खरोखर मोठी आहे.

चाखण्यापुरता घास फुकट मागणे ही खाद्यफेऱ्यांतील वाईट सवय आहे. मोठ्या दुकानाला ते परवडते. घरून सकिनालू करून देणाऱ्या किंवा रस्त्याकडेला भाकऱ्या थापणाऱ्या बाईला परवडत नाही. मागणी नोंदवताना आगाऊ रक्कम द्यावी आणि गट लहान झाला तरी ठरलेले पैसे पूर्ण द्यावेत. फेरीचे शुल्क घेतले जात असल्यास त्यातील किती वाटा पदार्थ करणाऱ्यांकडे जातो, हे सहभागींना सांगणे उचित होय. विडी वळणाऱ्या स्त्रियांची, घरातील चुलीची किंवा नमाज पढणाऱ्यांची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत. घरगुती उत्पादकाचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वीही विचारावे. दारात रोज अनोळखी माणसे येणे प्रत्येक घराला चालतेच असे नाही.

आरोग्य आणि कायदा

शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. गाडीवरील पाणी साठवलेले असते, त्यामुळे पिण्याचे पाणी सोबत नेणे आणि गरम, समोर केलेले पदार्थ निवडणे हिताचे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी सोलापूर हे धोक्याचे ठिकाण आहे. दाण्याचे कूट चटणीत दिसते, पण ते भाज्यांत, रश्श्यात आणि पोळीतही असते. नोंदणी करतानाच ही चौकशी करावी. तिखटाच्या बाबतीत ‘कमी तिखट’ या शब्दांचा अर्थ येथे वेगळा लावला जातो, म्हणून ताक किंवा दही मिळणारा एक थांबा मध्ये ठेवावा.

अन्नपदार्थ विकणाऱ्यांना अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना लागतो. हातगाडीवाल्यांच्या उपजीविकेला पथविक्रेता अधिनियम, २०१४ चे संरक्षण असून त्यानुसार नगर पथविक्रेता समितीमार्फत विक्रेत्यांची पाहणी व विक्री प्रमाणपत्रे यांची तरतूद आहे. तरीही अतिक्रमणविरोधी कारवाईत गाड्या हलवल्या जातात. महिनाभरापूर्वी पाहिलेली गाडी जागेवर असेलच असे गृहीत न धरता फेरीच्या आदल्या दिवशी संपूर्ण मार्ग एकदा चालून पाहावा.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी

धाराशिव, बेंबळी किंवा तुळजापूरकडून येणाऱ्यांना तुळजापूरमार्गे एसटीने सोलापूर गाठता येते. त्याच दिवशी परतायचे असल्यास संध्याकाळच्या थांब्यांचा मोह सोडून सकाळची फेरी घ्यावी. साखर पेठ आणि मधला मारुती हा पूर्वार्ध सकाळी नीट होतो, विजापूर वेस मात्र दिवे लागल्यावरच रंगात येते. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींसाठी पूर्वार्धच पुरेसा आहे. विद्यार्थ्यांना घरून एकेक भाकरी आणायला सांगून ती साखर पेठेत मिळणाऱ्या भाकरीशी जाडी, रंग व चवीने ताडून पाहण्यास लावल्यास फेरीला एका अभ्यासाचे रूप येते. हा अभ्यास बेंबळीच्या मुलांना सोलापूरच्या मुलांपेक्षा सोपा जातो, कारण भाकरी थापताना त्यांनी रोज पाहिलेली असते.