आधी आजीची कॅसेट

बेळगावच्या टिळकवाडीत जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहू लागल्यापासून माळे भराभर रिकामे होताहेत. शुक्रवार पेठ असो की आरपीडी क्रॉसची बाजू, घर बिल्डरला देताना तांब्या-पितळेची भांडी वाटून घेतली जातात, फोटोंचे अल्बम कुणीतरी नेतं आणि कॅसेटींचा खोका भंगारात जातो. वाजवायला टेपच नाही, मग ठेवायच्या कशाला? पण एक चालता टेप, एक वायर आणि घरातला कॉम्प्युटर एवढ्यावर त्या उतरवून घेता येतात. वेळ मात्र जातो. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते, तिथे घाई चालत नाही.

म्हणून आधी निवड करा. एचएमव्ही, टी-सीरिजच्या छापील कॅसेटींवर रविवार घालवू नका. 'गीतरामायणा'ची ५६ गाणी आता फोनवर मिळतात, पु. लं.चं कथाकथनही मिळतं. पु. ल. काही काळ इथल्याच राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते आणि 'गणगोत'मधल्या 'रावसाहेबां'नी बेळगावी बोली महाराष्ट्रभर पोचवली, तेव्हा ती कॅसेट इथल्या घरात सापडणारच. आठवण म्हणून ठेवा. वेळ द्यायचा तो पेनाने नाव लिहिलेल्या कॅसेटींना. मुंजीतली मंगलाष्टकं, दिवाणखान्यातली बैठक, आखातात गेलेल्या मुलाने पत्राऐवजी पाठवलेलं बोलणं, आजीच्या ओव्या. रावसाहेबांची बोली आपण पु. लं.च्या गळ्यातून ऐकली. आजोबांचा तो कानडी हेल, ते वाक्यामागून येणारं 'की', त्यांच्या स्वतःच्या गळ्यातलं, जगात त्या एकाच फितीवर आहे.

छापील कॅसेटींतही एक खूण बघा. पाठीवरच्या खाचांवर सेलोटेप चिकटवलेला असेल तर कुणीतरी गाणी पुसून त्यावर दुसरं काही भरलं आहे. ती कॅसेट ऐकल्याशिवाय टाकायची नाही. उलट, घरच्या कॅसेटीच्या त्या खाचांवरच्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या शाबूत असतील तर वाजवण्याआधीच मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग काही पुसलं जात नाही.

फिलिप्सने ही कॅसेट १९६३ साली आणली. लू ऑटन्स या डच इंजिनिअरने तिचं माप ठरवताना खिशात मावेल असा लाकडी ठोकळा जवळ ठेवला होता, म्हणतात. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. एवढ्याशा रुंदीत दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे बसवलेले, म्हणजे एकेक पट्टा मिलिमीटरहूनही अरुंद. मुळात ती बोलणं टिपून घ्यायला केलेली होती, संगीत तिच्या गळ्यात नंतर पडलं.

आपल्याकडे तिचा खरा शत्रू पावसाळा. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट लावू नका, टेपच्या हेडवरून बुरशी पुढच्या कॅसेटीत जाते. उन्हातही नको. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही दिवस ठेवा, मग गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, हळूहळू गुंडाळत मऊ कोरड्या कापडाने कडा पुसून घ्या. आतला स्पंजचा किंवा फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. स्क्रूवाली रिकामी कॅसेट घेऊन दोन्ही चकत्या तिच्यात बसवल्या की काम होतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळून घ्यावी. एकावर एक बसलेल्या वेढ्यांमुळे शेजारच्या वेढ्याचा आवाज उमटतो आणि शब्द यायच्या आधीच तो पुसट ऐकू येतो. गुंडाळल्यावर हे थोडं कमी होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कल बदलतो. ज्या टेपवर ती कॅसेट भरली गेली त्याचा कल आणि तुमच्या टेपचा कल सारखा नसतो, म्हणून आवाज घोंगडी पांघरल्यागत येतो. कॅसेट चालू असताना स्क्रू पाव फेऱ्याच्याही आत, अगदी केसभर इकडेतिकडे फिरवा. एका जागी 'स', 'च', बांगड्यांची किणकिण एकदम उघडते. तिथे थांबा. इथे जे हरवलं ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. त्याआधी हेड आणि रबरी रोलर नीट पुसून घ्यायचे हे सांगायला नकोच.

वायर टेपच्या लाइन-आउटमधून न्यावी. तसं भोक नसलेल्या टू-इन-वनचं हेडफोनचं भोक चालतं, आवाज बेताचा ठेवून. लॅपटॉपला एकच भोक असेल तर त्यातली माइकची बाजू मोनो आणि नाजूक असते, आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या. घूंऽऽ असा आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बहुतेकदा जातो. 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका, उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. फाइल वेव्हच ठेवा. ४४.१ किलोहर्ट्‌झ, २४ बिटला नव्वद मिनिटांचे सुमारे दीड जीबी होतात, आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही.

वेगाचं काय? रबरी पट्टा सैल झालेला टेप हळू चालतो. रेकॉर्डिंगमध्ये पेटी असेल आणि ती पेटी अजून घरात असेल तर त्याहून चांगलं माप नाही. काळी दोन दाबा, कॅसेटशी जुळवा, मग सॉफ्टवेअरमध्ये वेग सारखा करा. रेकॉर्डिंगमधल्या विजेच्या पन्नास हर्ट्‌झच्या घुमण्यावरून वेग काढा, असं परदेशी जाणकार सांगतात. त्या काळातली आपली वीज पन्नासावर टिकायची कुठे!

खरखर काढायचा मोह आवरा, निदान मूळ फाइलवर तरी. फार घासलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. आणि मागचा पंखा, कुकरची शिट्टी हा कचरा आहे असं कुणी ठरवलं? घरच्यांना पाठवायची एमपीथ्री वेगळी करा, तिच्यावर हवे ते प्रयोग करा.

फाइलला नाव देताना वर्ष, घर, बोलणाऱ्यांची नावं लिहा आणि आतल्या कागदाचा फोटो सोबत ठेवा. आवाज ओळखणारी मंडळी ऐंशीच्या पुढची आहेत, तेव्हा ही फाइल आधी त्यांना ऐकवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नंतर टाका. एक प्रत पुण्यातल्या किंवा बेंगळुरूच्या भावंडाकडे राहू द्या. कॅसेट मात्र टाकू नका. पुढेमागे याहून चांगला टेप हाती लागला तर तीच पुन्हा उतरवावी लागेल.