टेबलात दडलेले यंत्र

वर्गातल्या टेबलाकडे आपण यंत्र म्हणून कधी पाहत नाही. चार पाय आणि वर फळी. त्यात हलायचे काय? पण अठराव्या शतकात पॅरिसमधील सुतारांपुढे एक अडचण होती. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पत्ते, बुद्धिबळ, फाशांचे खेळ रंगत. खेळताना टेबल मोठे हवे; खेळ संपला की ते लहान होऊन भिंतीशी बसायला हवे. शिवाय मोठे केलेले टेबल कलंडता कामा नये. हे कसे साधायचे?

एक उपाय अगदी साधा होता. 'त्रिकत्राक' या फाशांच्या खेळाच्या टेबलाची वरची फळी सुटी असे. तिच्या एका अंगाला चामडे, दुसऱ्या अंगाला बनात. चामड्यावर लिहायचे, फळी उलटून बनातीवर पत्ते खेळायचे आणि फळी काढून ठेवली की खाली सोंगट्यांचा पट! कामे तीन झाली, पण टेबल मोठे झाले नाही.

त्यासाठी फळी बिजागरीने दुमडती केली. मात्र ती उघडली की निम्मा भाग अधांतरी राहतो. म्हणून आधाराला एखादा पाय बाहेर वळवावा लागे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये फिरत्या फळीची टेबले खूप झाली. त्यांत दुमडलेली फळी एका खुंटीभोवती पाव फेरा फिरवायची आणि मग उघडायची. दोन्ही भाग खालच्या चौकटीवरच टेकतात. पाय हलवावा लागत नाही. गंमत म्हणजे ही खुंटी चौकटीच्या मध्यावर नसते. तशी असती, तर उघडलेली फळी एका बाजूलाच झुकली असती.

याच प्रश्नाचे आणखी चतुर उत्तर झाँ-फ्रांस्वा ओबेन या कारागिराने दिले. तो जन्माने जर्मन, पण नावाजला पॅरिसमध्ये. मादाम द पाँपादूर यांच्यासाठी 1761 ते 1763 च्या सुमारास केलेले त्याचे एक टेबल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याचा मोठा खण पुढे येतो, तेव्हाच वरची फळी मागे सरकते आणि वापरायची जागा जवळजवळ दुप्पट होते. अशा उलट चाली मिळवण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे दोन दातेरी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एक दंतचक्र. चक्र फिरले की एक पट्टी पुढे जाते, दुसरी तितकीच मागे. नुसता खण पुढे आला, तर गुरुत्वमध्यही पुढे सरकतो. फळी मागे गेल्याने तोल सावरतो.

या कामात लाकूडही आपले म्हणणे मांडते. पावसाळ्यात खण अडकतो, हा आपला अनुभव आहे. लाकूड रेषांना आडवे बरेच फुगते, रेषांच्या दिशेने फारच थोडे. फट कमी ठेवली तर यंत्र अडते, जास्त ठेवली तर डुगडुगते. म्हणून यंत्र जाणणाऱ्याला लाकूडही जाणावे लागे. ओबेनने 1760 साली पंधराव्या लुईसाठी सुरू केलेले मेज 1763 मध्ये त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. त्याच्याच कार्यशाळेतील रीझनेर याने ते 1769 मध्ये पूर्ण केले. एका किल्लीच्या पाव फेऱ्याने त्याचे गुंडाळते झाकण आणि खण मोकळे होतात.

वर्गात करून पाहा : 16 सेंमी बाजूचा चौरस कागद मधोमध दुमडा. तो 16 × 8 सेंमीच्या पुठ्ठ्यावर, घडी आपल्यापासून दूर येईल असा, बरोबर जुळवून ठेवा. पुठ्ठ्याच्या मध्यबिंदूपासून 2 सेंमी उजवीकडे आणि तेथून 2 सेंमी घडीकडे एक बिंदू घ्या. तेथे कागदाच्या फक्त खालच्या पदरातून टाचणी पुठ्ठ्यात टोचा. आता कागद घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा आणि वरचा पदर डावीकडे उलगडा. चौरस पुठ्ठ्यावर बरोबर मध्यभागी बसेल. मग कागद 20 सेंमी बाजूचा आणि पुठ्ठा 20 × 10 सेंमीचा घेतला, तर टाचणी कोठे टोचावी? नियम मुलांनाच शोधू द्या.