हैदराबाद नंबर बारा-अ

ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये पहिल्या महायुद्धातलं एक बाँबफेकी विमान ठेवलेलं आहे. डीएच-९ए जातीचं, वर-खाली दुहेरी पंखांचं. हे हैदराबादच्या निजामांनी दिलेलं विमान, ‘हैदराबाद नंबर १२-अ’, असं त्याच्या अंगावर रंगवलेलं आहे. मराठवाड्यातल्या देवगाव रंगारीच्या माणसानं ते वाचून ‘यात आमचंही काही आहे’ म्हटलं, तर त्याला हसू नये. १९१८ साली देवगाव निजामाच्या मुलखात होतं. पैसा दिवाणीचा, म्हणजे सरकारी खजिन्याचा, असो की सर्फेखासचा, म्हणजे निजामांच्या खासगी मुलखाचा, त्याचं मूळ शेतकऱ्यानं हाली शिक्क्यात, म्हणजे निजामी नाण्यात, भरलेल्या साऱ्यातच होतं.

रॉयल एअर फोर्सच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची पहिली सगळी विमानं निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिली, म्हणून तिच्या नावात ‘हैदराबाद’ आलं. यातलंच १२-अ ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मन हद्दीत पडलं आणि आतले दोघे कैद झाले. पुढं ते बर्लिनच्या संग्रहात गेलं. दुसऱ्या महायुद्धात तिथून हलवलं गेलं, ते पोलंडमध्ये राहिलं. १९७७ मध्ये ब्रिटननं बदल्यात एक स्पिटफायर देऊन ते परत आणलं.

त्याच युद्धात हैदराबाद लान्सर्सचे घोडेस्वार पॅलेस्टाईनला लढले. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातल्या तीन मूर्तींपैकी एक मूर्ती हैदराबादची, हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक असतं. मदतीचं फळ म्हणून निजामांना ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा किताब आणि ब्रिटिशांचा ‘विश्वासू दोस्त’ ही ओळख मिळाली. सारा भरणाऱ्याला काय मिळालं, ते विचारायची रीत तेव्हा नव्हती.

दुसरं महायुद्ध पेटल्यावर ‘हैदराबाद’ हे नाव पहिल्या दोन दिवसांतच आघाडीवर दिसलं. ब्रिटननं ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी ११० स्क्वाड्रनची ब्लेनहाइम विमानं विल्हेल्म्सहाफेनच्या जर्मन आरमारावर गेली. रॉयल एअर फोर्सचा या युद्धातला तो पहिला बाँबहल्ला. ‘अॅडमिरल शेअर’ या युद्धनौकेवर बाँब पडले खरे, पण फुटलेच नाहीत.

खरं वळण १९४० च्या उन्हाळ्यात आलं. फ्रान्स पडला होता आणि ब्रिटनचं आकाश गेलं असतं तर बेटही गेलं असतं. ब्रिटनच्या आकाशासाठी झालेल्या त्या लढाईत ‘हैदराबाद’ नावाची १५२ स्क्वाड्रन वॉर्मवेलच्या तळावरून स्पिटफायर उडवत होती. तिच्या बोधचिन्हात निजामांची पगडी होती आणि खाली तेच ब्रीद: विश्वासू दोस्त. ‘हैदराबाद स्टेट’ नावाची २५३ स्क्वाड्रनही हरिकेन घेऊन याच लढाईत होती. समुद्रावर ‘निझाम’ ही विनाशिका ऑस्ट्रेलियन खलाशी चालवत होते. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावरून माघारीचं सैन्य उचलायला ती गेली. पुढं वेढ्यातल्या तोब्रुकला रात्रीच्या अंधारात रसद पोचवायची आणि उजाडायच्या आत सटकायचं, असा तिचा क्रम झाला.

इथवर झालं ते पैशाचं नि नावाचं. या युद्धात माणसं गेली ती मलायात. ८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जपानी फौज कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरू लागली, पर्ल हार्बरवर बाँब पडण्याच्या तासभर आधीच. किनाऱ्यावर डोग्रा पलटण होती. मागच्या विमानतळाची राखण हैदराबाद संस्थानच्या पहिल्या इन्फंट्रीकडं होती. काटेरी तारा, सुरुंग, वाळूत रुतलेल्या तोफखोल्या, आणि तारांखालून हातांनी वाळू उकरत पुढं सरकणारे जपानी. त्याच दिवशी कुंपणाशी शत्रू आल्याची हूल उठली. हवाई दलाच्या लोकांनी इमारती पेटवून तळ सोडला, पण धावपट्टी जशीच्या तशी राहिली आणि इंधन नि बाँबही. जपान्यांच्या हाती ते आयतंच पडलं. या गोंधळात हैदराबाद पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हेंड्रिक्स मारले गेले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक कैदेत गेले. या पराभवाचा उल्लेख होतो तो बहुधा गोऱ्या सेनापतींच्या चुकांच्या हिशेबात. संस्थानी पलटणीच्या वाट्याला तिथंही एखादी ओळच येते.

देवगावकडून गोदावरी ओलांडली की तेव्हाचा नगर जिल्हा, इंग्रजी मुलूख. तिथं चित्र वेगळं होतं. संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फंट्रीत होते. इटलीत सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांनी गाजवलेल्या पराक्रमाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नदीच्या अलीकडं, निजामाच्या मुलखात, सामान्य माणसाला युद्ध भेटलं ते सक्तीच्या धान्यवसुलीच्या रूपानं. ‘लेव्ही’ हा इंग्रजी शब्द त्यामुळंच आपल्या आजोबांच्या तोंडी बसला.

१९४४ मध्ये जपान्यांचा हिंदुस्थानवरचा लोंढा इंफाळला अडला आणि पूर्वेकडचं युद्ध फिरलं. तेव्हा १५२ ची स्पिटफायर आणि ११० ची व्हेंजन्स बाँबर्स दोन्ही या आघाडीवर होती. युद्ध घराच्या दाराशी आलं होतं आणि वर ‘हैदराबाद’ नावाची विमानं घोंघावत होती. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात जपाननं शरणागतीवर सह्या केल्या, तेव्हा जमलेल्या जहाजांत ‘निझाम’ही होती.

तीन वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, ज्यांच्या नावाचं ते जहाज, त्यांच्याच फौजेनं भारतीय सैन्यापुढं शस्त्रं टाकली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला नि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तिकडं सिंगापुरात मात्र ११० स्क्वाड्रन हैदराबादचंच नाव लावून हेलिकॉप्टरं उडवत राहिली, थेट १९७१ मध्ये ती मोडेपर्यंत.