पस्तीस पौंडांचे दगड

दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरची बिअर्डमोर ही नदी खरी, पण सगळी बर्फाची. दोनशे किलोमीटर लांब! एका अंगाला क्वीन अलेक्झांड्रा पर्वतरांग, दुसऱ्या अंगाला कॉमनवेल्थ, आणि मधून हे गोठलेले पात्र दोन हजार मीटरांहून अधिक उतरत रॉसच्या हिमपठाराला मिळते. ठायीठायी खोल भेगा. १९०८ च्या डिसेंबरात शॅकल्टनने ही वाट शोधली, तेव्हा त्याचा शेवटचा घोडा अशाच एका भेगेत गडप झाला. नाव दिले ते मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या ग्लासगोच्या कारखानदाराचे. धर्मशाळेला देणगीदाराचे नाव देण्याची रीत काही आपल्याकडेच आहे असे नाही!

मला मात्र ही हिमनदी आठवते ती स्कॉटच्या परतीच्या प्रवासामुळे. आमुंडसेन आधीच ध्रुवावर पोहोचून गेलेला. हे पाच जण हिरमुसून परतत होते. पोटात भूक, विल्सनचा पाय दुखावलेला, इव्हान्स खचत चाललेला. तरीही ८ फेब्रुवारी १९१२ रोजी बकली पर्वताखाली ते थांबले आणि दगड गोळा करू लागले. पस्तीस पौंड, म्हणजे सुमारे सोळा किलो. नवव्या दिवशी हिमनदीच्या पायथ्याशी इव्हान्स गेला. पुढे ओट्स गेला. नोव्हेंबरात शोधपथकाला शेवटचा तंबू सापडला; त्यात तिघांचे देह होते, आणि ते दगडही तिथवर आलेले होते.

हे ओझे टाकले असते तर ते वाचले असते, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. माणसे खचली ती उपासाने आणि थंडीने. सोळा किलोंचा त्यात वाटा तो कितीसा?

त्या दगडांवर पानांचे ठसे होते. १९१४ मध्ये सीवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती पाने ओळखली: ग्लॉसॉप्टेरिस. ग्रीक भाषेत ग्लोसा म्हणजे जीभ. पान जिभेच्या आकाराचे म्हणून हे नाव. (भाषेच्या मास्तराला एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.) आज जिथे एक झाड उगवत नाही, तिथे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी अरण्य होते, याचा तो पुरावा. आणि हीच पाने आपल्या नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही आहेत. गेल्याच्या आधीच्या शतकात हिस्लॉप या मिशनऱ्याने त्या भागातले असे ठसे जमवले होते. तेव्हा हे दोन्ही प्रदेश एकाच विशाल भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी नाव दिले तेही आपल्या गोंडांच्या मुलखावरून, गोंडवन. विदर्भातला कोळसा त्याच अरण्यांचा.