बंदी उठायच्या आधी टॉर्च उघडून बघा : स्वस्तातल्या टॉर्चचे बिघाड आणि घरच्या घरी दुरुस्ती



१६ जून ते १५ ऑगस्ट आपली मासेमारी बंद. या दोन महिन्यांत जाळी सांधून होतात, डोंग्याला डांबर लागतं. टॉर्च मात्र खुंटीला, नाहीतर जाळ्याच्या पोत्यात तसाच पडून राहतो. मग १६ ऑगस्टच्या अंधाऱ्या पहाटे बटण दाबलं की उजेडच नाही.

तेव्हा पावसाळा सरलेला नसतो. वैनगंगेचं पाणी गढूळ आणि ओढीचं असतं. वैनगंगा असो, राजीव सागर असो की गावचा तलाव, बुडालेलं खुंट दिसायला, काठावरचं जनावर दिसायला आणि समोरून येणाऱ्या डोंग्याला आपण दिसायला उजेड लागतोच. म्हणून बंदी उठायच्या आठ दिवस आधी घरी बसून टॉर्च तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे.

बल्ब गेला, असं लगेच म्हणू नका

टॉर्च बंद पडला की आपण पहिल्यांदा म्हणतो, "बल्ब गेला." पण एलईडी सहसा लवकर जात नाही. जातो तो करंटचा रस्ता. सेलच्या प्लसमधून करंट निघतो, टॉर्चच्या डोक्यात एलईडीतून जातो, तिथून ॲल्युमिनियमच्या नळीतून मागे येतो, मागच्या टोपणातल्या बटणातून आणि स्प्रिंगमधून सेलच्या मायनसला मिळतो. म्हणजे टॉर्चची नळी ही नुसती मूठ नाही, ती तारेचं काम करते. या रस्त्यात कुठेही गंज, माती किंवा ढिलाई आली की उजेड बंद.

हा रस्ता मागून पुढे तपासत जायचा. आधी सेल, मग आटे, मग बटण, शेवटी डोकं. सुरुवातच डोकं उघडण्यापासून केली तर चांगला टॉर्चही बिघडतो.

सामान थोडंच लागतं : खोडरबर, बारीक पॉलिश पेपर, कोरडं फडकं, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, नाकाडी पक्कड आणि बोटभर तांब्याची तार. साधा मल्टीमीटर असला तर उत्तम.

१. सेल

आपल्याकडे तीन प्रकारचे टॉर्च चालतात. एक, तीन बारके सेल घालायचा. दोन, जाडा लिथियम सेल असलेला, ज्याला १८६५० म्हणतात (१८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी). तीन, भिंतीच्या प्लगात लावायचा चार्जिंगचा टॉर्च, ज्याच्या पोटात चार व्होल्टची लेड बॅटरी असते.

बारके सेल दोन महिने आत राहिले की फुटून पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. सेल फेका. भुकटी हाताने खरवडू नका, डोळ्याला हात लावू नका. लिंबाच्या रसात काडी बुडवून ती पुसा, मग ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. चकती चमकेपर्यंत खोडरबर घासा. तिन्ही सेल एकदमच बदला. दोन नवे आणि एक जुना असं चालवलं तर जुना सेल नव्यांना खातो आणि स्वतः पाझरतो.

मल्टीमीटरवर नवा बारका सेल दीड व्होल्टच्या वर दाखवतो, १.२ च्या खाली आला की संपला समजा. लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, ३ च्या खाली गेला की रिकामा. रिकामा सेल महिनोन् महिने ठेवला तर मरतो. मोजताना जमलं तर टॉर्च चालू ठेवून मोजा, कारण थकलेला सेल नुसता ठेवल्यावर आकडा चांगला दाखवतो आणि भार पडला की लगेच बसतो.

अजून एक बघा. लिथियम सेलवाल्या बऱ्याच टॉर्चमध्ये सेलभोवती प्लास्टिकची नळी येते. ती हरवली की सेल आत खडखडतो आणि उजेड लपलप करतो. जाड कागदाची सुरळी करून घातली तरी काम होतं. पण चॉकलेटची चांदी मागे-पुढे कोंबू नका. ती सरकून लिथियम सेलचा प्लस-मायनस जोडला गेला तर आग लागते.

२. आटे

उजेड लपलप करतो, थापट मारली की लागतो किंवा आपोआप जोरात-मंद-चमकता असा बदलतो, ही खराब जोडाची खूण. करंट क्षणभर तुटला की टॉर्चला वाटतं बटणच दाबलं, म्हणून तो मोड बदलतो.

मागचं टोपण काढा. आट्यांतली वाळू, जुनं तेल फडक्याने पुसा. नळीची मागची उघडी कड पॉलिश पेपरने हलकी घासा, कारण टोपण तिथेच टेकतं आणि करंट तिथूनच जातो. स्प्रिंग दबलेली असेल तर पकडीने जराशी ओढून लांब करा. टोपण पूर्ण आवळा. स्वस्तातल्या टॉर्चचे अर्धे रोग इथेच बरे होतात.

३. बटण

आता खरी परीक्षा. टोपण बाजूला ठेवा, सेल आतच राहू द्या. तांब्याच्या तारेचं एक टोक सेलच्या मागच्या मायनसला लावा, दुसरं नळीच्या उघड्या कडेला.

उजेड पडला? मग सेल चांगला, डोकं चांगलं, दोष टोपणातल्या बटणात. नाही पडला? मग दोष सेलमध्ये किंवा डोक्यात.

(तार फक्त मायनस आणि नळी यांच्यात लावायची. सेलचा प्लस आणि मायनस तारेने थेट कधीच जोडू नका.)

टोपणाच्या आत दोन भोकांची एक गोल रिंग असते. हादऱ्याने ती ढिली होते. पकडीची दोन टोकं भोकांत घालून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की आवळते. बहुतेक वेळा तेवढ्यानेच बटण चालतं. नाही चाललं तर रिंग काढा, बटण बाहेर घ्या आणि तेच दाखवून रेडिओ-मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून तसंच दुसरं घ्या.

४. डोकं

काच फिरवून काढली की आत एलईडीची चकती दिसते. तिची पितळी बैठक ढिली असेल तर आवळा. सोल्डर तुटलेलं दिसलं तर ते काम दुकानातच करून घ्या. लिथियम सेल उलटा घातला गेला असेल तर आतलं सर्किट जळलेलं असू शकतं. तेवढ्या पैशात नवा टॉर्च येत असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. जुन्याचं टोपण आणि बटण मात्र जपून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

प्लगात लावायचा टॉर्च : इथे जिवाचं बघा

स्वस्तातल्या या टॉर्चमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. प्लग लावला की घरातली २३० व्होल्टची वीज थेट आतल्या पट्टीवर येते. म्हणून चार नियम :

- प्लगात असताना तो उघडायचा नाही, पेटवायचा नाही, हातात धरायचा नाही.
- ओला टॉर्च किंवा ओले हात असतील तर चार्जिंग नाही.
- उघडायचा असेल तर प्लग काढून थोडा वेळ थांबा. आतल्या कॅपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते.
- रात्रभर, आठ-दहा तास पुरेत. दोन-दोन दिवस लावून ठेवलं की बॅटरी फुगते, सुकते.

लाल दिवा लागतो पण टॉर्च पाच मिनिटांत विझतो, म्हणजे बॅटरी गेली. लेड बॅटरी उतरलेली ठेवली की आतल्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि मग ती चार्ज धरत नाही. बंदीच्या काळात बिघडण्याचं मुख्य कारण हेच. चार व्होल्टची नवी बॅटरी मिळते. लाल तार प्लसला, काळी मायनसला. पुढच्या वर्षी बंदीत हा टॉर्च भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा.

पाण्यात पडला तर

लगेच बंद करा, सेल काढा, टोपण आणि काच उघडून सावलीत दोन दिवस वाळवा. चुलीजवळ नाही, उन्हातल्या टिनावर नाही. पाण्यात भिजलेला लिथियम सेल पुन्हा वापरू नका.

आट्यांजवळची रबरी रिंग पाणी अडवते. ती फाटली असेल तर बदला, सुकली असेल तर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. व्हॅसलीन नको, त्याने काही रबर फुगतं. आणि "वॉटरप्रूफ" असं डब्यावर छापलेलं असलं तरी स्वस्तातला टॉर्च पावसापुरताच समजा.

इथे थांबा

लिथियम सेल फुगला, त्याचं वरचं प्लास्टिक फाटलं, गोडसर वास आला किंवा चार्जिंगला हाताला चटका बसण्याइतका तापला, तर दुरुस्ती नाही. तो घराबाहेर कोरड्या जागी, मुलांपासून लांब ठेवा आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात द्या. चुलीत किंवा नदीत टाकू नका. लिथियम सेलवर घरी सोल्डर करू नका.

नवा सेल घेताना वर ९८०० असा आकडा दिसला तर तो सोडून द्या. नावाजलेल्या कंपनीचा १८६५० सेलही साधारण ३५०० एमएएचच्या आसपासच असतो. बाजारात जे मोठे आकडे छापतात ते खोटे.

निघायच्या आदल्या रात्री

टॉर्च सलग अर्धा तास पेटवून ठेवा. मंद झाला, लपलपला तर तो डोंग्यात न्यायचा नाही. प्रत्येक डोंग्यात दोन टॉर्च ठेवा, एक हातात आणि एक कोरड्या पिशवीत. पाण्यावर गेल्यावर टॉर्च उघडून बसू नका. स्प्रिंग पाण्यात गेली तर सापडत नाही, आणि लक्ष टॉर्चकडे असताना डोंगा कुठल्या कुठे वाहत जातो.

ज्यांच्या घरी मल्टीमीटर आहे त्यांनी शेजाऱ्यांचेही सेल मोजून द्या. तुमचा टॉर्च या चार पायऱ्यांत सुरू झाला नाही तर कोणत्या पायरीवर अडला ते खाली लिहा, फोटो टाका. आणि ही पोस्ट डोंग्यावर जाणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचवा.