पायातली कमान

मुलांनो, 'कमान' हा शब्द तुमच्या चांगला ओळखीचा आहे. उर्दूत तो वाचला की तुमच्या डोळ्यांसमोर तीर सोडणारा शिकारी उभा राहतो. मराठीत हाच शब्द आला आणि त्याचा अर्थ थोडा बदलला. मराठीत कमान म्हणजे दरवाजावरचा किंवा पुलाखालचा अर्धगोल. तीर सोडायच्या कमानीला मराठीत धनुष्य म्हणतात. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आज आपल्याला फार उपयोगी पडणार आहेत. कारण तुमच्या प्रत्येक पायात एक कमान आहे. ती मराठी अर्थाने कमान आहे आणि उर्दू अर्थानेही. या कमानीची दोरी दुखावली तर माणसाचे काय होते, हे मी तुमच्या वयाचा असताना पाहिले होते. ते पुढे सांगेन.

आधी तुम्ही आपली कमान पाहा. पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठेवा आणि उचला. टाच, चवडा आणि बोटे यांचे ठसे उमटतील. पण तळव्याच्या आतल्या बाजूला फरशी कोरडीच राहील. तिथे तुमचा पाय जमिनीला टेकलेलाच नाही. तुमच्यापैकी काहींचा पूर्ण तळवा उमटेल. त्यांनी घाबरू नये, आणि बाकीच्यांनी हसू नये. लहान बाळांचे पाय तर सपाटच दिसतात. कमान वयाबरोबर हळूहळू तयार होते. काहींची मोठेपणीही कमी उंच राहते. दुखत नसेल तर त्यात बिघडले असे काही नाही.

एका पायात २६ हाडे असतात. दोन्ही पायांची ५२ झाली. मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण २०६ हाडे असतात. म्हणजे सुमारे चौथा हिस्सा हाडे फक्त पावलांत आहेत! ही लहान लहान हाडे कमानीतल्या दगडांसारखी एकमेकांना टेकून बसलेली आहेत. पण इथे एक अडचण आहे. दगडी कमानीवर भार पडला की तिची दोन्ही टोके बाहेर सरकू पाहतात. त्यांना अडवायला दोन्ही बाजूंना भक्कम भिंती असतात. पायाला अशा भिंती कुठे आहेत?

एक बांबूची पातळ कामटी घ्या. ती वाकवून जमिनीवर उभी धरा आणि वरून दाबा. टोके लगेच पसरतील आणि कामटी सपाट होईल. आता दोन्ही टोकांना एक दोरी ताणून बांधा आणि पुन्हा दाबा. कामटी टिकून राहते. तुम्ही काय केलेत? मराठी कमानीची उर्दू कमान केलीत! धनुष्याच्या या दोरीला तुम्ही चिल्ला म्हणता. पायाच्या कमानीलाही असाच चिल्ला आहे. टाचेच्या हाडाखालून एक पांढरा, चिवट पट्टा निघतो, तळव्यातून पुढे जातो आणि पाच भागांत विभागून पाचही बोटांच्या मुळाशी पोहोचतो. डॉक्टर त्याला 'प्लांटर फॅशिया' म्हणतात. आपण तळव्याचा पट्टा म्हणू. त्याची जाडी अवघी २ ते ४ मिलिमीटर असते.

हा पट्टा संयोजी ऊतीचा बनलेला आहे. विज्ञानाच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचले असेल किंवा पुढे वाचाल. संयोजी म्हणजे जोडणारी. शरीरातले भाग जोडून ठेवणे हे तिचे काम. तिच्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात. सुताचे अनेक धागे पिळून जसा दोर होतो, तसे हे धागे एकत्र येऊन मजबूत होतात. हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोराला स्नायुरज्जू म्हणतात. पायात हे दोन्ही भरपूर आहेत. सर्वांत जाड स्नायुरज्जू तुम्हाला हातानेही कळेल. घोट्याच्या मागे, टाचेच्या वर चिमटीत धरून पाहा. दोरासारखे काहीतरी कडक लागेल. पोटरीचे स्नायू या दोराने टाच वर ओढतात. ग्रीक कथेतल्या अकिलीस या वीराच्या नावावरून त्याला अकिलीसचा स्नायुरज्जू म्हणतात. त्या वीराचे सगळे शरीर अभेद्य होते, फक्त टाच सोडून.

टाचेखालीही अशीच योजना आहे. तिथे चरबीची गादी असते. पण ती चरबी मोकळी नसते. संयोजी ऊतीच्या पडद्यांनी तिचे लहान लहान कप्पे केलेले असतात. म्हणून आपण टाच आपटली तरी चरबी बाजूला पळत नाही.

आता खरी गंमत. खुर्चीवर बसून एक पाय जमिनीवर सपाट ठेवा. हाताने फक्त पायाचा अंगठा वर उचला आणि कमानीकडे पाहा. ती आपोआप उंच होते! तुम्ही कमानीला हातही लावला नव्हता. मग ती उंच कशी झाली?

काही विहिरींवर एक आडवा लाकडी ओंडका बसवलेला असतो. तो रहाट. दांडा फिरवला की दोर ओंडक्याभोवती गुंडाळला जातो आणि बादली वर येते. अंगठ्याच्या मुळाशी असलेला गोल सांधा हा तो ओंडका. तळव्याचा पट्टा हा दोर. अंगठा वर वळला की पट्टा सांध्याभोवती ओढला जातो. तो फारसा ताणला जात नाही, म्हणून टाच आणि चवडा एकमेकांच्या जवळ येतात आणि मधली कमान वर उठते. इंग्रज शल्यविशारद जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली ही रचना नीट समजावून सांगितली. त्यांनीही तिला रहाटाचीच उपमा दिली होती.

चालताना हे प्रत्येक पावलाला घडते. पाय जमिनीवर पूर्ण टेकला की कमान थोडी दबते, पट्टा ताणला जातो आणि पाय मऊ होऊन खडबडीत जमिनीशी जुळवून घेतो. मग टाच उचलली जाते. बोटे जमिनीवरच असतात, म्हणून ती मागे वळतात. रहाट फिरतो, कमान उठते आणि पाऊल कडक होते. त्या कडक पावलावर जोर देऊन आपण पुढे जातो. आधी मऊ, मग कडक, आणि हे सारे एका सेकंदाच्या आत! धावताना तर पट्टा आणि अस्थिबंध स्प्रिंगसारखे काम करतात. ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी १९८७ साली यंत्रात पाऊल दाबून मोजमाप केले. धावताना एका पावलाला शरीराची जी ऊर्जा येते-जाते, तिच्यापैकी सुमारे १७ टक्के कमान साठवते आणि परत देते, असे त्यांना आढळले.

पण कमान एकच नाही. तळव्यात आडवी, म्हणजे आतून बाहेर जाणारीही एक कमान आहे. तिचे महत्त्व समजायला एक नोट घ्या. एका टोकाला धरली तर नोट खाली लोंबते. तीच नोट लांबीच्या बाजूने जराशी पन्हाळीसारखी वळवून धरा. ती ताठ राहील. मधुसूदन वेंकडेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवून दिले, की पावलाच्या ताठपणाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग या आडव्या कमानीमुळे येतो. इतकी वर्षे सगळ्यांचे लक्ष उभ्या कमानीकडेच होते.

आता ती जुनी गोष्ट. मालेगावात आमच्या शेजारी एक चाचा राहत. ते यंत्रमागावर काम करत. बारा-बारा तास कडक फरशीवर उभे राहायचे. झोपून उठले की ते भिंतीला धरून, टाच उचलून, चवड्यावर चालत. दहा-पंधरा पावलांनंतर त्यांची चाल सुधारे. आम्ही मुले त्यांची नक्कल करून हसत असू. मीही हसलो आहे. कोणीतरी त्यांना सांगितले, की टाचेचे हाड वाढले आहे, कापावे लागेल. चाचांची झोप उडाली. पाय कापला तर माग कोण चालवणार?

दुखत होता तो पट्टा, टाचेला जिथे तो जोडलेला असतो तिथे. सतत ताण पडला की त्याचे धागे झिजतात. अशा ऊतीला रक्त कमी मिळते, म्हणून ती सावकाश बरी होते. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते आणि पट्टा सैल पडतो. उठल्यावर पहिल्याच पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची कळ सर्वांत वाईट. टाचेखाली वाढलेले हाड दुखणे नसलेल्या पुष्कळ लोकांतही दिसते. बहुतेकांचे हे दुखणे शस्त्रक्रियेविना काही महिन्यांत कमी होते.

पुढे एका डॉक्टरांनी चाचांना हे सारे समजावले. पोटरी ताणायला शिकवले, कारण पोटरी आखडली की पट्ट्यावरचा ताण वाढतो. मागाजवळ उभे राहायला जाड तळाची चप्पल घालायला सांगितली. आणि सकाळी पाय जमिनीवर टेकण्याआधी बोटे हाताने मागे ओढून दहा अंक मोजायचे, असे दहा वेळा. म्हणजे रहाट आधी हाताने फिरवायचा, मग पायाने.

मीही आता बरीच वर्षे फळ्यासमोर उभा राहून शिकवतो आहे. गेल्या पावसाळ्यापासून माझी डावी टाच सकाळी दुखते. मी पलंगावर बसतो, पायाची बोटे धरून मागे ओढतो आणि मोजू लागतो. माझा मुलगा दारातून पाहत असतो.